ज्वारीवर ताणलेल्या कॅसेटी

कडूबाईची आरोळी ज्याच्या कानावर एकदा पडली, तो माणूस परत तिच्या वावरातून आडवी वाट पाडायच्या भानगडीत पडत नसे. पाखरांची तर बातच सोडा. सोनपेठच्या अलीकडं गोदावरीला धरून एक वाडी आहे. नाव सांगून उपयोग नाही, एस.टी.च्या कंडक्टरलाही ते धड आठवत नाही. तिथं रब्बीची ज्वारी दाण्यात आली की वावरावावरात माळे उभे राहायचे. चार मेढी, वर पऱ्हाट्यांचा बिछाना आणि त्यावर राखण करणारा माणूस. हातात गोफण, नाहीतर बडवायला पत्र्याचा डबा. कडूबाईला यातलं काहीच लागत नसे. ती पदर खोचून उभी राहायची, छाती भरून घ्यायची आणि ‘हाऽऽरेऽऽ’ असा काही आवाज काढायची की भोरड्यांचा आख्खा थवा हवेतल्या हवेत वळून दुसऱ्याच्या वावरात उतरायचा. त्यावरून शेजारी तिला शिव्या द्यायचे. शिव्या पण लांबूनच.

आवाज गोड होता असं कुणी म्हणणार नाही. तो पोटातून गुरगुरत निघायचा, मधेच फाटायचा आणि फाटलेलाच वर चढायचा. तिला स्वतःला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून बापानं हिचं नाव कडू ठेवलेलं. कडू जिन्नस मरण तोंडात घेत नाही, असा त्यांचा हिशोब. ‘‘नाव कडू अन् आवाज बी कडूच,’’ असं ती हसत म्हणायची आणि कामाला लागायची.

नवरा आप्पाराव. दसरा झाला की गाडी जुंपून ऊसतोडीला जायचा, तो होळीलाच परत. लग्नानंतर काही सालं कडूबाईही कोयता घेऊन त्याच्यामागं गेली. पोरगा वाल्मीक शाळेत जायला लागला तसा तिनं कोयता आढ्याला खोचला आणि गाव धरलं. पोराची शाळा आणि ज्वारीची राखण, थंडीतले तिचे हे दोनच उद्योग, आणि दोन्ही तिनं चोख केले. वाल्मीक औरंगाबादला पॉलिटेक्निकला लागला, तेव्हा वाडीतून इतक्या लांब शिकायला गेलेला तो पहिलाच.

औरंगाबादच्या हॉस्टेलात त्याला एक खूळ लागलं. हेवी मेटल. नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. मुंबई-पुण्याकडची पोरं सुट्टीवरून येताना कॅसेटी आणायची आणि मग एकाची कॅसेट सगळ्या हॉस्टेलच्या टेपांमधून फिरून कोऱ्या कॅसेटींवर उतरायची. मेटालिका, मेगाडेथ, स्लेयर, पँटेरा. नवख्या माणसाला वाटावं, लोहाराच्या भट्टीत बैल शिरलाय. ब्राझीलची सेपल्टुरा नावाची पोरं होती, ती वाल्मीकची खास लाडकी. ब्राझील म्हणजे काही विलायत नव्हे, आपल्यासारखाच उन्हातान्हाचा मुलूख, आणि तिथल्या पोरांचं नाव जगभर गाजतंय. मग आपलं का नको? असं म्हणून वाल्मीक आणि त्याच्या तीन दोस्तांनी आपलाच एक बँड उभा केला. गिटारी उसन्या, ड्रम कॉलेजच्या गॅदरिंगचा, आणि गळा वाल्मीकचा. तो गळा त्याला कुठून मिळाला, हे सांगायची गरज नाही.

घरी मात्र यातलं अक्षर नाही. सुट्टीला आला की पठ्ठ्या कानाला वॉकमन लावून माळ्याखालच्या सावलीत पडायचा. कडूबाई वरून विचारायची, ‘‘काय ऐकायलास रे?’’

‘‘काय न्हाई माय. इंग्लिश गाणे हायेत. तुला न्हाई कळायचे.’’

अरे बाबा, एकदा, फक्त एकदा तिच्या कानाला लावून बघायचं होतंस! पुढचं काहीच झालं नसतं. पण पोरं शिकली की आईबापाला काय कळतं आणि काय नाही, हे परस्पर ठरवून मोकळी होतात. वाल्मीक वाईट नव्हता. त्यानं विचारायचं सोडून धरून चाललं, एवढाच त्याचा गुन्हा.

ब्याण्णवच्या हुरड्याला तो आला तेव्हा एक छोटा टेप घेऊन माळ्यावर चढला. ‘‘माय, एक आरोळी दे की.’’

‘‘कुणाला? पाखरू तर एक न्हाई.’’

‘‘मला पायजे. हॉस्टेलात न्यायचीय.’’

कडूबाई लाजली. पोराला घरची आठवण येते, आईचा आवाज ऐकावासा वाटतो, असं समजून तिनं अशी काही आरोळी दिली की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. खरं कारण वाल्मीकनं सांगितलंच नाही. त्या आरोळीवर त्याला गाणं उभं करायचं होतं. आधी नुसती आरोळी, मग तिच्या शेवटाला धरून गिटारी, मग त्याचा स्वतःचा आवाज. वर्षभर चौघं त्यावर राबले आणि त्र्याण्णवच्या दिवाळीत, कॉलेजचा हॉल रिकामा असताना, गाणं कॅसेटवर उतरवलं. आरोळीची मूळ कॅसेट होती, तिच्यावर नंतर सरावाचं काहीतरी भरून टाकलं. कोऱ्या कॅसेटींची चणचण होती पोरांना. फेब्रुवारीच्या अखेरीला मुंबईच्या एका कॉलेजात बँडांची चढाओढ होती. आधी कॅसेट पाठवायची, ती ज्यांची पसंत पडेल त्यांना बोलावणं. बोलावणं आलं की मग मायला ऐकवू, असा वाल्मीकचा बेत.

तोवर मराठवाड्याची हवा तापायला लागली. विद्यापीठाचं नामांतर होणार, नाही होणार, पारापारावर तीच चर्चा. अठ्ठ्याहत्तरला काय झालं, कुणाची घरं पेटली, हे कुणी विसरलेलं नव्हतं. वाल्मीकच्या बँडात ड्रम वाजवणाऱ्या पोराच्या मामाचं घर त्या साली जळालं होतं. तोच म्हणाला, ‘‘गडबड झाली तर खोल्या खाली करायला लावतील. जपायच्या चिजा आधी बाहेर काढा.’’ म्हणून डिसेंबरात वाल्मीक सगळ्या कॅसेटी एका पत्र्याच्या पेटीत भरून घरी घेऊन आला. त्यांच्या गाण्याची कॅसेटही त्यातच, एका पांढऱ्या डबीत. तिची दुसरी प्रत अजून काढलेली नव्हती.

‘‘माय, हे तुझ्याजवळ असू दे,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्याइतकं जपणारं दुसरं कोण हाय?’’

कडूबाईनं पेटी कणगीमागं ठेवली, वर गोधडी टाकली. वाल्मीक परत गेला.

आणि नेमकी त्याच थंडीत कडूबाईची आरोळी गेली. आधी आवाज बसला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा यायला लागली. सोनपेठच्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, जन्मभर ताणून ताणून आत गाठी झाल्यात. गप्प बसा. बोलण्यापुरता येईल, ओरडायचं विसरा. कडूबाई परत येऊन माळ्यावर बसली. भोरड्या आल्या, कणसांवर बसल्या, तिच्याकडं बघत दाणे टिपू लागल्या. तिनं डबा बडवला. गोफण फिरवली, तर खडा माळ्याच्याच मेढीला लागला. इतकी वर्षं नुसत्या गळ्यावर राज्य केलेलं, हाताला सवयच नव्हती. ती बाई त्या दिवशी माळ्यावर बसून रडली, आणि रडण्याचाही आवाज आला नाही.

शेजारच्या वावरातल्या सुलाबाईला तिची दया आली. हीच सुलाबाई एरवी तिला शिव्या द्यायची. ‘‘पिंगळीला माझ्या लेकीच्या सासरी बघितलं मी,’’ ती म्हणाली. ‘‘बिघडलेल्या कॅसेटीची फीत काढतेत अन् वावरावर ताणतेत. वाऱ्यानं गुंऽऽ वाजती, उन्हात चमकती. पाखराची काय बिशाद. हायेत का तुमच्याकडं बिघडलेल्या?’’

घरात भजनाच्या दोन कॅसेटी होत्या, त्या ठणठणीत. मग कडूबाईला कणगीमागची पेटी आठवली. इतक्या कॅसेटींत एखादी तरी बिघडलेली असेल, तेवढीच काढू. चांगल्या कॅसेटीला हात लावणारी ती बाई नव्हती, हे ध्यानात ठेवा. म्हणून तर तिनं एकेक कॅसेट घरच्या टेपमध्ये घालून बघितली.

पहिली लावली, तर नुसती घरघर. दुसरी लावली, तर त्याहून बत्तर. तिसरीच्या आवरणावर काळ्यावर काळा नाग होता, तिच्यातही तेच. भाचीच्या लग्नाची कॅसेट बिघडली होती, तेव्हा हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायांचा आवाज असाच रेड्यासारखा झाला होता. ते तिला आठवलं. पोरानं पोटाला चिमटा घेऊन या कॅसेटी जमवल्या असतील आणि शहरातल्या दुकानदारानं सगळ्या बाद गळ्यात मारल्या.

तरी तिनं स्वतःच्या कानावर भरवसा ठेवला नाही. व्यंकटरावांना बोलावलं. वाडीत पहिला टेप त्यांच्या घरी आला होता, आणि तेव्हापासून टेपमधला शेवटचा शब्द त्यांचाच. ते आले, चष्मा लावला, अत्तराच्या फायासारखा कापूस बोटावर घेऊन टेपचं हेड पुसलं. भजनाची कॅसेट लावली. अभंग स्वच्छ. वाल्मीकची लावली. घरघर.

‘‘हेड साफ हाय, मशीन साफ हाय,’’ व्यंकटराव म्हणाले. ‘‘फीतच जळालीय.’’

‘‘सगळ्याच?’’ कडूबाई कुजबुजली.

‘‘बघू की.’’ त्यांनी प्रत्येक कॅसेट जिथं थांबली होती तिथून थोडी थोडी लावली. पांढऱ्या डबीतलीही लावली. ती गाण्याच्या मध्यावर थांबलेली होती. त्यातून जो आवाज आला तो वाल्मीकचा होता, आणि आईनं पोटच्या पोराचा आवाज ओळखला नाही. ‘‘हिचं तर सगळ्यात जास्त वाटोळं झालंय,’’ व्यंकटराव म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मग काय, वरवंट्यानं कॅसेटी फोडल्या. सुलाबाईनं एक टोक धरलं, कडूबाईनं दुसरं, मेढीपासून बाभळीपर्यंत, बाभळीपासून बांधावरच्या खुंटापर्यंत, पीळ देऊन देऊन फिती ताणल्या. वारा सुटला तसं आख्खं वावर गुणगुणायला लागलं. भोरड्यांचा थवा आला, वर एक गिरकी घेतली आणि नदीकडं निघून गेला. कडूबाईला कितीतरी दिवसांनी हसू आलं. रिकाम्या डब्यांची आवरणं तिनं फेकली नाहीत. पोराला लागतील म्हणून पेटीत परत नीट लावून ठेवली.

संक्रांतीला नामांतर झालं. हॉस्टेल रिकामं करायला लावलं, बस चार दिवस बंद होत्या, मग सुरू झाल्या. पहिल्याच बसनं वाल्मीक निघाला. कॅसेट घ्यायची, परभणीला दुसरी प्रत काढायची आणि मुंबईला पाठवायची. फाट्यावर उतरून तो वावराच्या वाटेनं आला, तर ज्वारीवर फिती चमकताना दिसल्या. ‘‘आपल्याकडं बी आलं का हे?’’ तो हसत म्हणाला.

कडूबाई माळ्यावरून उतरली. आवाज नव्हता, पण तोंडावर कोण कौतुक. ‘‘गळा बसलाय जरा, पण एक पाखरू बसत न्हाई बघ,’’ ती कुजबुजली. ‘‘तुझ्या त्या बिघडलेल्या कॅसेटी कामाला आल्या. लय फसवलं रे तुला त्या दुकानदारानं. एकात गाणं न्हाई, नुसती घरघर. व्यंकटरावांनी बी बघितलं.’’

वाल्मीकचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. ‘‘पांढऱ्या डबीतली?’’

‘‘ती तर लयच गेलेली होती.’’

त्यानं हात वर करून फीत धरली. ती वाजायची थांबली. मग सोडली आणि बांधावर जाऊन बसला. पोरगा ओरडला असता, आदळआपट केली असती, तर तीही भांडली असती आणि दोघं मोकळे झाले असते. हा बांधावरची ढेकळं फोडत बसला. शेवटी तीच जवळ जाऊन बसली. ‘‘काय झालं ते सांग.’’

‘‘ते बिघडलेलं नव्हतं, माय. ते गाणे तसेच असतेत.’’

‘‘मुद्दाम तसं वरडतेत?’’

‘‘हं.’’

‘‘कशाला?’’

‘‘तू कशाला वरडतीस?’’

‘‘पाखरं उठावेत म्हणून.’’

‘‘तसंच हाय ते. आतलं काहीतरी उठवायला.’’

तिला ते लगेच कळलं. यातच सगळं आलं. त्यानं अवघ्या चार वाक्यांत सांगितलं आणि तिला कळलं. मग दोन वर्षं या पोरानं काय केलं होतं? त्यानं तेव्हा सगळंच सांगितलं, बँडचं, मुंबईचं, पांढऱ्या डबीचं. कडूबाई उठली आणि बाभळीकडं धावली. पीळ सोडवायला लागली. फीत उन्हानं कडक झाली होती, काट्यांत अडकली होती, हातात येईपर्यंत तुटत होती. तरी ती बोटांवर गुंडाळत राहिली.

वाल्मीकनं तिचे हात धरले. ‘‘राहू दे. ती आता वाजायची न्हाई. सोडलीस तर पाखरं ज्वारी खातील.’’

‘‘मग परत वाजवा की रे. तुमी हायेत, गिटारी हायेत.’’

‘‘वाजवू.’’

‘‘मग तोंड का पाडलंस?’’

त्यानं तिच्या बोटांवरची फीत सोडवली. ‘‘त्यात तुझी आरोळी व्हती, माय. सुरुवातीलाच. तिच्यावरच सगळं उभं व्हतं.’’

कडूबाईला धरणी ठाव देईना. हॉस्टेलात करमत नाही म्हणून नेलेली आरोळी! ती घरी आली आणि तिनं ज्येष्ठमध तोंडात धरला. मध चाटला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, खडीसाखर, हळदीचं दूध, गावानं सांगितलेलं सगळं केलं आणि दोन दिवस चकार शब्द काढला नाही. डॉक्टरनं काय सांगितलंय हे तिनं वाल्मीकला कळू दिलं नाही. सुलाबाईला मात्र सगळं कळलं होतं. ती टेपसमोर उभी राहून म्हणाली, ‘‘मी देते आरोळी, त्यात काय मोठं?’’ आणि तिनं शेळीला हाक मारल्यासारखं काहीतरी केलं. वाल्मीकनं बिचाऱ्यानं तेही भरून घेतलं आणि ‘‘लय झाक, काकी’’ म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई माळ्यावर चढली. वाल्मीक टेप घेऊन खाली उभा राहिला. तिनं पदर खोचला, छाती भरून घेतली. आतून सगळं तसंच वर आलं, त्याच जोरानं, त्याच जागेवरून, आणि गळ्याशी येऊन फुस्स झालं. हवा तेवढी बाहेर पडली. समोरच्या बाभळीवरचा होला मान वळवूनही बघेना. तिनं परत केलं. परत केलं. चौथ्यांदा तोंडात रक्ताची चव आली.

‘‘झालं माय,’’ वाल्मीक खालून म्हणाला. ‘‘चांगली आली. उतर.’’

तिनं त्याच्याकडं बघितलं. टेपचं बटन त्यानं केव्हाच बंद केलेलं होतं. ती उतरली, त्याला भाकरी बांधून दिली आणि फाट्यापर्यंत सोडायला गेली. वाटेत दोघं पावसापाण्याचं बोलले.

होळीला आप्पाराव ऊसतोडीहून परतला. ज्वारी खळ्यावर आली होती आणि त्या साली वाडीत सगळ्यात जास्त कडूबाईचीच झाली. आप्पाराव खूश. ‘‘आमच्या बाईनं कॅसेटीवर ज्वारी पिकवली,’’ असं पारावर सांगत सुटला. कुणी तिच्यासमोर तो विषय काढला की ती उठून आत जायची. एवढी बोलणारी बाई, गळा गेला म्हणून गप्प झालीय, असं लोकांना वाटायचं. त्यांचं तरी काय चुकलं?

सणाला वाल्मीकही आला. गाणं परत वाजवून मुंबईला कॅसेट पाठवली होती, बोलावणं आलं नव्हतं. ड्रमवाला पोरगा कॉलेज सोडून भावाच्या धंद्यात गेला, एकजण पुण्याला जायच्या तयारीत, आणि वाल्मीकला वाळूजच्या एका कंपनीत लागायचं चाललं होतं. हे सगळं तो जेवताना सांगत होता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

‘‘ती कॅसेट आणलीस?’’ कडूबाईनं विचारलं. बोलण्यापुरता घोगरा आवाज आता यायचा.

‘‘पिशवीत हाय. कशाला?’’

‘‘लाव.’’

‘‘आता राहू दे माय. झालं गेलं.’’

‘‘मला ऐकायचीय. लाव म्हणते ना.’’

त्यानं हात धुतले, कॅसेट काढली, टेपमध्ये घातली. कडूबाई भिंतीपासून सरकून टेपच्या अगदी पुढ्यात येऊन बसली. आप्पाराव दारात तंबाखू मळत थांबला. वाल्मीकनं बटन दाबलं. चाकं फिरायला लागली, आणि टेपमधून काहीच येईना. नुसती सरसर. आप्पाराव म्हणाला, ‘‘लागली न्हाई वाटतं.’’ कडूबाईनं त्याला हातानं गप्प केलं. तिच्याही मनात तेच आलं होतं, पण आता या पोराच्या कॅसेटीला नावं ठेवायची तिची छाती नव्हती. ती फिरणाऱ्या चाकांकडं बघत बसली.

‘‘लागलीय,’’ वाल्मीक टेपकडंच बघत म्हणाला. ‘‘इथं तुझी आरोळी व्हती, माय. दुसरं काय घालावं, आमाला कुणालाच सुचलं न्हाई. मग तेवढी जागा तशीच ठेवली.’’

मग गिटारी सुरू झाल्या. कडूबाई मान खाली घालून, कॅसेटीची ती बाजू संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.